काचेमागची लाट

"आई, सरूबाईनं विचारलं तर फार बोलत बसू नकोस. एवढंच सांग, रामकिसन बंदरातूनच पळाला. पुढचं आम्हाला माहीत नाही."

हिमांशूचा हा आवाज दमयंतीबाईंच्या कानात अकरा महिने मुक्कामाला होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं समुद्रावरून फोन केला, तेव्हा मागं वाऱ्याचा असा घोंगाट होता की त्यांना एकेक शब्द पुन्हा विचारून घ्यावा लागला. घेतला, आणि जसाच्या तसा सरूबाईला सांगितला. आपला मुलगा खोटं बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि काकू खोटं बोलत नाहीत हे सरूबाईला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. तिनं ऐकलं, पदराचं टोक दातात धरलं आणि भांडी घासायला बसली.

रामकिसन तिचा एकुलता एक. गावाकडं, पाचोडला लोकांच्या मोसंबीच्या बागा राखायचा. दुष्काळानं बागा वाळल्या, मालकांनी झाडं तोडून सरपणाला विकली, आणि राखायला काही उरलं नाही. तेव्हा दमयंतीबाईच म्हणाल्या होत्या, "पाठव गं त्याला मुंबईला. आमचा हिमांशू आहे तिथं, परका नाही." रामकिसन गेला. मागं पाचोडला बायको मोनिका आणि चार वर्षांची पोर.

हिमांशू मुंबईच्या पुढं, भर समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर सुरक्षा अधिकारी होता. चौदा दिवस तिकडं, चौदा दिवस घरी. त्याला नाद एकच, तुफानात सापडलेल्या बोटींचे फोटो काढण्याचा. उघड्यावर कॅमेरा काढायला तिथं सक्त मनाई. एक ठिणगी पडली तर गॅस पेटायचा. मनाई मोडणाऱ्यांची नावं वर कळवणं हे हिमांशूचंच काम. पण समुद्र खवळला, सामानाची बोट फलाटाखाली वरखाली आपटायला लागली, की हा स्वतःच जिन्याच्या आडोशाला लांब भिंग लावून उभा. घरी आला की म्हणायचा, "आई, समुद्र चिडल्याशिवाय बोट बोट दिसतच नाही."

त्यातल्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं. कॅमेरा कुठं उभा होता हे कुणी विचारलं नाही आणि ह्यानं सांगितलं नाही. सूनबाई मृण्मयीनं तो चार फुटी करून, काच बसवून दिवाणखान्यात लावला. शहराच्या कडेच्या पडेगावात, त्यांच्या घराभोवती, जिथं परवापर्यंत ज्वारी उभी असायची तिथं आता पाच-पाच मजले उभे होते, आणि त्या मजल्यांना दर तिसऱ्या दिवशी टँकर. अशा घरात ही भिंतभर लाट. बोटीची मागची बाजू पूर्ण पांढऱ्या फेसात बुडालेली, नुसतं नाक आभाळाकडं. आलेला पाहुणा सोफ्यावर टेकायचा, चहा हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "पाणी बघूनच बरं वाटतं हो!"

सरूबाई रोज ती काच ओल्या फडक्यानं पुसायची. पाणी जपून, पिळलेल्या फडक्यानंच. एकदा म्हणाली होती, "दादांनी एवढं पानी धरून आनलं काकू, अन् आमच्या वस्तीत हंडाभर नाय."

वैशाख लागला. हिमांशू सुट्टीवर आला होता. मृण्मयीच्या माहेरची माणसं जमली, तेव्हा त्यानं टीव्हीला लॅपटॉप जोडून फोटो दाखवायला घेतले. बोटी येत होत्या, जात होत्या. दमयंतीबाई मागं बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली आणि पडद्यावर तीच बोट दिसली, बक्षिसाची. पण लाट अजून लांब होती. मागच्या सपाट भागावर नारिंगी जाकिटातला एक माणूस वाकून पिंपांना दोर आवळत होता. त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडं होता.

हिमांशूनं घाईनं पुढचा फोटो आणला.

पाहुणे खाली सोडून मृण्मयी वर यायच्या आत दमयंतीबाई म्हणाल्या, "तो परत लाव."

"कोणता?"

"तुला माहीत आहे कोणता."

त्यानं लावला. रामकिसन होता. दाढी वाढलेली, पण रामकिसनच. त्यांच्या हातचे पोहे खाऊन गेलेला.

"पुढचा."

पुढचा म्हणजे भिंतीवरचा. लाट.

"त्याच्या पुढचा."

बोट वर आली होती. डेकवरून पाणी निथळत होतं. पिंपं होती, दोर होता. माणूस नव्हता.

दमयंतीबाईंनी वात खाली ठेवली. "बंदरातून पळाला म्हणालास."

"मी काढताना पाहिलं नाही गं! भिंगातून लाट दिसते, माणूस दिसत नाही. दोन दिवसांनी मोठं करून बघितलं तेव्हा कळलं. तोवर काय उरणार होतं?"

"आणि बोटीवरच्यांना कळलं नाही? एक माणूस कमी झाला ते?"

हिमांशूनं लॅपटॉपचं झाकण अर्धं ओढलं. मग कागद वाचून दाखवावा तसा बोलला. बोटीच्या यादीत रामकिसनचं नावच नव्हतं. एक खलाशी आजारी पडला, ऐनवेळी दुसरा हवा होता. हिमांशूनंच ठेकेदाराला सांगून रामकिसनला त्या आजाऱ्याच्या नावावर चढवलं. बोट परतली, तर आजारी खलाशी बंदरात धडधाकट उभा. यादी जुळली. कप्तान गप्प, ठेकेदार गप्प.

"आणि तू?"

"मी बोललो असतो तर त्याला चढवलं कुणी, कॅमेरा काढला कुणी, सगळं निघालं असतं. नोकरी गेली असती. हे घर गेलं असतं."

"मग तोच फोटो स्पर्धेला पाठवलास?"

"आई, फोटो चांगला होता," तो म्हणाला. आणि त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

दमयंतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांचे एकभुक्त, मौन असे काही ना काही नेम चालूच असत, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

वैशाखात त्यांचा उदककुंभाचा नेम असे. रोज सकाळी पाण्यानं भरलेली घागर गेलेल्या माणसांच्या नावानं दान द्यायची, म्हणजे त्यांना उन्हाळ्यात तहान लागत नाही. गुरुजी म्हणत, ब्राह्मणाला द्यावी. दमयंतीबाई सरूबाईला देत, कारण गुरुजींच्या घरी नळ होता आणि पडेगावच्या मागच्या पत्र्यांच्या वस्तीत नव्हता. आपल्या वाट्याच्या पाण्यातून आंघोळीचं कमी करून त्या ही घागर भरत. मग पळीनं एकेक थेंब सोडत नावं घेत. सरूबाई समोर, घागरीच्या काठाला हात लावून, डोकं झाकून उभी.

त्या सकाळीही तशीच उभी होती. दमयंतीबाईंनी सासऱ्यांचं नाव घेतलं. सासूबाईंचं घेतलं. नवऱ्याचं, मुकुंदरावांचं घेतलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पळी आपोआप चौथ्यांदा भरली आणि तोंडातून निघालं, "रामकिसन."

थेंब पडला.

सरूबाईचा हात काठावरून निघाला. "काकू, माझ्या लेकाचं नाव कामून घेतलं?"

दमयंतीबाईंनी पळी तशीच धरून ठेवली.

"मेल्या मानसायची नावं घेऊ लागल्या तुमी. त्याच्यात माह्या रामकिसनचं कामून?"

अजून सावरता आलं असतं. चुकून आलं गं, म्हणता आलं असतं. सरूबाईनं ते मानलंही असतं. ती वाटच बघत होती तशा शब्दाची. दमयंतीबाईंनी पळी खाली ठेवली. "तो पळाला नाही, सरूबाई. बोटीवरून वाहून गेला. ज्येष्ठातच. मी काल फोटो पाहिला."

"कोन्ता फोटो?"

दमयंतीबाईंनी भिंतीकडं पाहिलं. सरूबाईनंही पाहिलं. ती काचेपाशी गेली.

"ह्याच्यात?"

"त्या पांढऱ्यात. आत."

सरूबाई रडली नाही. तिनं फडकं धरायच्या हातानं काचेवरून एकदा, फडक्याशिवाय, तळवा फिरवला. "मी तं रोज पुसू लागले ह्याला," ती म्हणाली. "ह्याच्यावर धूळ नको म्हनून मृण्मयीताई मला बोलायच्या."

मग ती खाली बसली आणि एकेक सांगायला लागली, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. पाचोडात सगळे म्हणत होते, रामकिसननं मुंबईत दुसरी ठेवली. मोनिका पाण्याला गेली की बाया विचारायच्या, सवतीचा फोन येतो का गं? रविवारी मोनिकाचा बाप चार माणसं घेऊन येणार होता. रामकिसन बायको टाकून पळाला असं सगळ्यांसमोर ठरवून मोनिकाला घेऊन जाणार, नात मात्र सरूबाईकडंच टाकणार. पळपुट्याचं बी त्यांना नको होतं.

"मरू द्या, गेला तं गेला," सरूबाई म्हणाली, आणि इथं तिचा आवाज फाटला. "पन शिव्या कामून खाऊ लागला तो? मी सांगितलं तं म्हंतील, म्हतारी पोराचं पाप झाकू लागली. माह्यावर कोन इस्वास ठेवील?"

"माझ्यावर ठेवतील?"

"तुमच्यावर ठेवतील. तुमच्याच तोंडाचं ऐकून तं मी बी गावात सांगितलं व्हतं, पळाला म्हनून."

हे तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते खोल गेलं. दमयंतीबाईंनी तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "रविवारी मी येते पाचोडला. चार माणसांत बसून सांगते."

दारात मृण्मयी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुपारपर्यंत सरूबाईचं काम सुटलं. "उद्यापासून नको येऊस," मृण्मयीनं सांगितलं, "आणि ती घागर इथंच राहू दे." घागर भरलेली होती.

"दान दिलेलं पाणी परत घेऊ नये," दमयंतीबाई म्हणाल्या.

"मग झाडांना घालते. आई, तुम्हाला पुण्य हवं ना, जरूर मिळवा. पण आमच्या जिवावर नको." तिनं खरोखरच ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घातलं. सरूबाई जिना उतरेपर्यंत त्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी हिमांशू लॅपटॉप घेऊन आईसमोर बसला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

"हा आधीचा," तो म्हणाला. रामकिसन वाकलेला, दोर आवळताना. बोटाचा एक ठोका. पडदा रिकामा. "हा नंतरचा." आणखी एक ठोका. "कॅमेऱ्यातलेही पुसले, दुसरीकडं ठेवलेलेही. आता फक्त भिंतीवरची लाट आहे. लाटेत कोण आहे हे देवसुद्धा सांगू शकत नाही. काय दाखवशील पाचोडला?"

दमयंतीबाई रिकाम्या पडद्याकडं बघत राहिल्या. त्या माणसाला दुसऱ्यांदा बुडताना त्यांनी पाहिलं होतं, आणि ह्या वेळी समुद्र चिडलेला नव्हता.

"दाखवायला कशाला हवं? मी पाहिलंय ना."

"तू पाहिलंस! अडुसष्ट वर्षांची बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली." तो हसला. "आणि तुझ्यावर विश्वास ठेवला तर काय होईल माहीत आहे? मला आत टाकतील. स्वतःच्या पोराला आत घालणारी आई म्हणून नाव काढशील. कर मग एखादा नवीन नेम."

"नाव तुझंही सांगावं लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "मी त्याला पाठवला तेही सांगेन. अर्धं सांगून कसं चालेल?"

त्याचा चेहरा उतरला. क्षणभर त्यांना त्यात शाळेतला हिमांशू दिसला, चोरलेली पेन्सिल मुठीत धरलेला, आणि त्यांचा हात पुढं झाला. पण तो उठला होता. "गेलीस तर परत येऊन बेल वाजवू नकोस," त्यानं सांगितलं. "मी उघडणार नाही आणि मृण्मयीलाही उघडू देणार नाही. हे माझं पाणी सोडणं समज."

मधले दोन दिवस घरात कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ताट वाढून ठेवलं जाई, बस. शनिवारी मृण्मयीनं त्यांच्या कपाटातली बँकेची पुस्तकं आणि फोन उचलून स्वतःच्या खोलीत नेला. दमयंतीबाईंनी ते पाहिलं आणि वाती वळायला घेतल्या.

रविवारी त्या उजाडायच्या आधी उठल्या. देवपूजा नेहमीएवढीच केली, घाई नाही, जास्त नाही. धुतलेलं सुती लुगडं नेसल्या. देवाजवळच्या डबीत दक्षिणेच्या सुट्ट्या नोटा होत्या. त्यातल्या एसटीपुरत्या घेतल्या आणि डबीचं झाकण लावलं. हिमांशूच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दारापाशी थोड्या थांबल्या. आतून पंख्याचा आवाज येत होता.

चपला हातात घेऊन त्यांनी कडी काढली आणि बाहेर येऊन दार अलगद ओढलं. लिफ्ट न बोलावता, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत पाच मजले खाली आल्या. फाटकाशी बायकांनी टँकरसाठी हंड्यांची रांग लावून ठेवली होती. हंडे न हलवता त्या मधून वाट काढत गेल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि पहिल्या रिक्षाला हात केला.

"स्टँडवर सोड बाबा," त्या म्हणाल्या. "बीडकडं जाणारी गाडी धरायचीय, वाटेत पाचोडला उतरायचंय."