कोड सांगणारे गुरुजी

जून संपत आला की कोणीतरी नवा माणूस माझ्या दुकानाची पायरी चढतो आणि विचारतो, "सर, मलेबी इन्कमटॅक्सचं रिटर्न भराचं काम सुरू कराचं हाय. काय काय सांभाळाचं?"

मी सांगतो. पगाराचा फॉर्म सोळा हातात पडल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नको. "अंदाजे टाका ना" म्हणणाऱ्याला चहा पाज आणि घरी पाठव. रिफंड वाढवून देतो असं सख्ख्या मेव्हण्यालाही म्हणू नको. कितीही गर्दी असली तरी दुपारी जेव. आणि ज्याचं खातं, त्याचाच फोन नंबर. आधीचं सगळं तो मान डोलावत ऐकतो. शेवटचं ऐकून मात्र हसतो, हे काय सांगायची गोष्ट झाली! तेव्हा माझं डोकं फिरतं. त्याची चूक नसते, पण फिरतं.

मोतीराम गुरुजींनी मला तलमडुगूच्या शाळेत शिकवलं. परीक्षेत डावा हात आडवा धरून पाटी झाकायची, शेजाऱ्याला दिसता कामा नये, हेही त्यांनीच शिकवलं. मी आदिलाबादला बसस्टँडच्या मागे दुकान टाकलं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं त्यांनीच धाडली. सगळे आमच्याच समाजातले, कोणी मास्तर, कोणी मंडल ऑफिसातले क्लार्क. "नागेश माहा विद्यार्थी हाय, बिनघोर कागदं द्या," असं ते सांगायचे आणि लोक खरंच बिनघोर द्यायचे. रिटायर झाल्यावर गुरुजी दर जुलैला दुकानात येऊन बसू लागले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. तिथं दुसरं कोणी बसलं तर मीच उठवत असे.

नार्नूरकडच्या काही गावांत फोनला रेंज नसते. मी इकडे बटण दाबायचं, तिकडे मास्तरांनी फोनवर येणाऱ्या कोडसाठी पाण्याच्या टाकीवर चढायचं. ते खाली उतरून शाळेच्या फोनवरून सांगेपर्यंत कोडची वेळ संपलेली. एका हंगामात या चढउताराला मी इतका कावलो की त्यांच्या खात्यांत सरळ गुरुजींचा नंबर टाकला. एका नंबरवर टॅक्सचं पोर्टल मोजकीच खाती घेतं, म्हणून ज्यांची फारच अडचण होती त्यांचीच टाकली. सगळे खूश झाले. गुरुजी तर इतके खूश, जणू सरकारनं त्यांना पुन्हा नेमणूक दिली. कोड आला की चष्मा वर करून एकेक आकडा हजेरी घेतल्यासारखा खणखणीत वाचायचे. मी बाहेरगावी असलो तर फोन करायचो, "गुरुजी, कोड आला का?" ते लगेच वाचून दाखवायचे. कधी चुकले नाहीत.

गेल्या जुलैत एका दुपारी प्रगती आली. नार्नूरकडच्या शाळेत शिक्षिका आहे, आईसोबत राहते. मी म्हटलं, "बस, चहा सांगतो." ती बसली नाही.

"नागेशभाऊ, माह्या खात्यात कोण गेलतं?"

तिला कोणा साहेबाचा फोन आला होता. तुम्ही खोटी वजावट दाखवली, केस होईल, नोकरी जाईल, आज दंड भरला तर मिटवतो. असल्या फोनवर ती विश्वास ठेवणारी नाही. पण त्यानं तिचा पगार अचूक सांगितला, बँक सांगितली, शाळा सांगितली, बापाचं नाव सांगितलं. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले सगळे पैसे तिनं पाठवून दिले. पैसे गेल्यावर तो फोन बंदच. ठाण्यात तक्रार करून ती सरळ माझ्याकडे आली होती.

मी तिचं खातं उघडायला गेलो, तर पासवर्ड चालेना. कोणीतरी बदलला होता. बदलायला कोड लागतो, आणि कोड येतो गुरुजींच्या फोनवर. मी खुर्चीकडे बघितलं. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, सगळी कान टवकारून.

प्रगतीनंच विचारलं, "गुरुजी, माहा कोड तुमी कोणाले सांगतला?"

"नागेशले," गुरुजी म्हणाले. जराही न अडखळता.

"मले नाई सांगतला, गुरुजी."

"काऊन नाई? तू गुडीहत्नूरले गेलता त्या रोजी. तूच फोन केला, म्हणलास, गुरुजी, नागेश बोलून राह्यलो, प्रगतीचा कोड आला का. म्या वाचून देल्ला."

गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मग खोटं कोण बोलतंय, हे ओळखायला हुशारी लागत नव्हती. प्रगती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव त्या एका वाक्यात मातीत चाललं होतं आणि ते वाक्य माझ्याच गुरुजींचं होतं.

मी घाबरलो. घाबरलो की मी चिडतो. मी उठलो, गुरुजींच्या हातातला फोन ओढून घेतला आणि गुडीहत्नूरच्या दिवशी आलेले फोन काढून सगळ्यांना दाखवले. माझ्या वेळी फोनवर 'नागेश' असं नाव येतं. त्या दिवशी कोड मागणारा नंबर बिननावाचा होता.

"पाहा! हा माहा नंबर हाय का? सांगा, हाय का माहा?"

गुरुजींनी चष्मा वर केला. स्क्रीन जवळ धरली, लांब धरली. "आवाज तं तुहाच होता," ते हळू म्हणाले. "आपल्यावाणीच बोलत होता. गुरुजी म्हणत होता मले."

म्हणजे जो कोणी होता तो आमच्या भागातलाच होता. दुकान, मी, खुर्ची, जुलै, सगळं त्याला माहीत होतं. पॅनचा नंबर काय, कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. पण हा विचार मागाहून आला. त्या क्षणी मी ओरडत होतो.

"आवाजावर जाता का तुमी? कोणालेबी कोड सांगाचा नाई, गुरुजी! माह्या नावानं कोणीबी मागू द्या. मी सोता समोर येऊन मागतला तरी नाई सांगाचा! समजलं का?"

'समजलं का' हे त्यांचं वाक्य. वर्गात प्रत्येक गणितानंतर ते असंच विचारायचे.

"समजलं," गुरुजी म्हणाले. टोपी उचलली आणि निघून गेले. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याआधी सुटल्यासारखं वाटलं, कारण गिऱ्हाइकांचे चेहरे निवळले होते. प्रगती तेवढी म्हणाली, "भाऊ, नंबर तं तुमीच टाकला ना त्याइचा?" ठाण्यात मी तिच्यासोबत पुन्हा गेलो. तो नंबर कोणा भलत्याच्याच नावावर निघाला. पैसे आजवर मिळाले नाहीत, आणि तिच्या घरावर अजून पत्रेच आहेत.

गुरुजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. जुलै पुढे सरकत होता. खुर्ची रिकामी होती, लोक तिच्यावर पिशव्या ठेवू लागले. शेवटी गुरुजींच्या पत्नी भागीरथाकाकू आल्या.

"नागेश, तुह्ये गुरुजी सकाळी टोपी घालून बसतेत अन् संध्याकाळी काढून ठेवतेत. तू काऊन नाई बोलावून राह्यला?"

बोलावणार होतो, पण ज्या कामासाठी बोलावायचं ते त्यांना सांगवत नव्हतं. सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे होते आणि गुरुजींचा नंबर काढून ज्याचा त्याचा टाकायचा होता. आणि त्याचे कोड जाणार त्यांच्याच फोनवर. त्यांना कामावरून काढायचं कामही त्यांनाच करायला लावायचं.

रविवारी लॅपटॉप घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. "जय भीम, गुरुजी." "जय भीम. बस." मी कसंबसं सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सगळ्याइचेच काढतू का?"

"हाव, गुरुजी. ज्याचा फोन त्याच्याकडं."

"काढ मंग."

एकेक कोड येत गेला. गुरुजी वाचत गेले, तोच खणखणीत आवाज, एकही आकडा न गाळता. आधी प्रगतीचं खातं, मग बाकीच्यांची. प्रत्येक खात्यातून त्यांचा नंबर काढताना मी मान वर करत नव्हतो. शेवटचं झालं तेव्हा काकूंनी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"गुरुजी, आता तुमचं पेन्शनचं रिटर्न. भरून ठेवलंय. मुद्दत जवळ आली. आधारचा कोड आला की झालं."

त्यांच्या फोनची घंटा वाजली. मी सवयीनं कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलो.

गुरुजींनी चष्मा वर केला, कोड बघितला आणि फोन खाली घेतला.

"वाचा ना, गुरुजी."

"नाई."

मला वाटलं, रुसले. "अहो, कोडची वेळ सरंल. मी हाय ना."

"तूच सांगतलं ना. तू सोता समोर येऊन मागतला तरी नाई सांगाचा." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. गणिताचा नियम सांगावा तसं सांगत होते. "ते लोकाइचे होते. तुह्याकून आलते, तुह्याकडं देल्ले. हा माहा हाय."

"गुरुजी, ते मी रागात बोललो. माफ करा मले. तुमच्यासाठी नव्हतं ते."

"बरोबर होतं. बरोबर गोष्ट रागात सांगतली तरी बरोबरच राह्यते."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. फोन मांडीवर ठेवला आणि डावा हात त्याच्यावर आडवा धरला. मग फटीतून एक आकडा बघायचा, कीबोर्डवर तो शोधायचा, एका बोटानं दाबायचा, पुन्हा फट. वेळ संपली. त्यांनी दुसरा कोड मागवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी मदतीला जरा पुढे झुकलो.

गुरुजींनी वर बघितलं. वर्गात बघायचे तसंच.

"नागेश," ते म्हणाले, "तिकडं पाह्य."

मी भिंतीकडे तोंड केलं.