परेश म्हणतो

मिथुनची ही खोड ठकुबाईला अलीकडे फार खुपू लागली होती. पोटचा पोर, पण हल्ली एकही कडू गोष्ट तो स्वतःच्या जिवावर बोलत नसे. गिऱ्हाइकांवर मोठ्यानं ओरडू नकोस, परेश म्हणतो. वाढप्याला दटावू नकोस, परेश म्हणतो. आचारी खैरुद्दीनचा पगार यंदा वाढवायचा नाही, तेही परेशच म्हणतो.

हा परेश घाटकोपरचा. छोट्या धंदेवाल्यांना टॅक्सचा आणि कारभाराचा सल्ला देऊन पोट भरणारा. इकडे आखातात धंद्यावर टॅक्स आला तसा मिथुननं त्याला महिन्याच्या फीवर बांधून घेतला. दर गुरुवारी तो इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या खानावळीत येई, कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसे, आणि ठकुबाई शेगडीमागून त्याच्यावर डोळा ठेवी. ज्याला पिठलं आणि झुणका यातला फरक ठाऊक नाही, तो आपल्याला खानावळ चालवायला शिकवणार, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. वर तो इथं कधी जेवतही नसे. लिंबूपाणी पिऊन निघून जाई.

सोमवारी मिथुननं कळस केला. खानावळीचं लायसन्स तुझ्या नावावर आहे ते माझ्या नावावर करू, टॅक्सला सोपं जातं, म्हणाला. सही कर आणि गावी ओतूरला जाऊन आराम कर, गुडघे सांभाळ.

"मी नाही गं आई, परेश म्हणतो."

नवरा, केरू, गेला तेव्हा लायसन्स तिच्या नावावर झालं होतं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरातल्या माणसानं अंगठा पुढं करा म्हटल्यावर तिनं त्याच्याकडून पेन मागून घेतलं होतं. ते लायसन्स गेलं की तिचा व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की ही शेगडीही गेली. परेशचा डाव तिला लख्ख दिसला. आधी म्हातारीला वाटेला लावायचं, मग पोराला खिशात घालायचं.

गुरुवारी तिचा उपास असे. त्या दिवशी ती स्वयंपाक करी पण चाखत नसे. मीठ बघायचं काम खैरुद्दीनचं. आज तिनं त्याला भाजी आणायला पिटाळलं आणि आमटीत मुद्दाम मीठ टाकलं नाही. माणूस तोंडपुजा आहे की सरळ, ते मिठावर कळतं, अशी तिची खात्री होती. खैरुद्दीनलाही तिनं असाच पारखून ठेवून घेतला होता.

मिथुन डबे घेऊन जबल अलीला गेला होता. परेश आला तशी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. आपला उपास आहे, आमटी कशी झालीय ते चाखून सांगा, म्हणाली.

परेशनं एक घास घेतला, दुसरा घेतला, मग पाण्याचा पेला उगाच फिरवला.

"मावशी, राग मानू नका. मीठ टाकायचं राहिलंय."

ठकुबाई जराशी हिरमुसलीच. हा खोटारडा निघाला असता तर भांडण सोपं होतं. तिनं मिठाची वाटी सरकवली आणि समोर बसली.

"लायसन पोराच्या नावावर करा, असं तुमी का सांगितलं?"

परेशचा हात थांबला. त्यानं तसं काही सांगितलंच नव्हतं. त्याच्या मते नाव बदलल्यानं टॅक्सला काही फरकही पडणार नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की बिलं जपून ठेवा, घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा करा, आणि मावशींना पगार लावा.

"सगळी खानावळ तुमच्या हातावर चाललीय, मावशी. मी तर पाच हजार म्हटलेलं."

"दिरहम? म्हंजी आपल्या रुपयांत लाखाच्या वर की."

"हो. मिथुनभाईंनी सांगितलं नाही?"

"सांगितलं तर. म्हातारपण, ध्यानातून जातं," ठकुबाई म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला. पोराचं उणं परक्यासमोर काढायचं नव्हतं. खैरुद्दीनच्या पगाराचं तिनं मग विचारलंच नाही. आणि इतक्या गुरुवारांत या माणसाला जेवतोस का म्हणून कुणी पुसलंही नव्हतं, हे तिला आत्ता उमगलं.

परेश गेला. दुपारी मिथुन आला, हातात फाइल. तिनं त्यालाही तीच बिनमिठाची आमटी वाढली. फोनकडे बघत त्यानं ती भातासकट संपवली, एक नंबर झालीय म्हणाला, आणि कागद अन् पेन पुढं केलं.

"परेश काय म्हणतो?" तिनं विचारलं.

"तोच म्हणतो, उशीर नको."

"तो आत्ताच हितून जेवून गेला."

मिथुनचा चेहरा उतरला. तसं नाही गं, म्हणत तो चाचरू लागला. एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनचं काम मिळत होतं. त्यांचे साहेब खानावळ बघायला येणार, आणि मालक कोण विचारलं की पदर खोचून ओरडणारी आई दाखवायची का? बाकीचं त्यानं गिळलं.

ठकुबाईनं कागदाला हात लावला नाही.

"तुझ्या बापानं मला हिकडं आणलं, तवा समोर बसून इचारलं व्हतं, येतीस का म्हणून. तुला मला जा म्हणायचं व्हतं, तर तू पगारी माणसाच्या आड लपलास. माझी लाज वाटली, त्याचं मला वाईट न्हाय. पोरांना वाटती कधी कधी. पण मालकाला तोंडावर बोलाय लागतं, मिथुन. तू अजून कच्चा हायस. उचल तो कागद."