सात नंबरचे तोंड

मी एक जुना सात नंबर आहे. मित्रांनो, एवढेच सांगून थांबलो तर तुम्हाला वाटेल, मी एखादी बस आहे किंवा बुटाचे माप. तेव्हा नीट सांगतो. मी गोल्फ खेळायची काठी आहे. खाली लोखंडी डोके, मधे पोलादी दांडी, वर रबराची पकड. आम्हा भावंडांत प्रत्येकाला एक नंबर असतो आणि बुडाशी ठोकलेला तो आकडा हेच आमचे नाव. मी आता फार थकलो आहे, त्यामुळे बोलता बोलता मधेच रेंगाळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भट्टीत झाला. तापून लाल झालेल्या सळईला घणाखाली घालून माझे डोके घडवले. मग एका कारागिराने मला चाकावर घासून घासून आकार दिला आणि माझे तोंड तयार केले. चेंडूला भिडणारा जो सपाट भाग, त्याला आमच्यात तोंड म्हणतात. ते जितके उभे, तितका चेंडू खालून आणि लांब जातो. ते जितके आभाळाकडे कललेले, तितका तो उंच जातो आणि जवळच पडतो. लहान नंबरांची तोंडे उभी, मोठ्या नंबरांची कललेली. मी पडलो मधला, म्हणून सगळी कामे माझ्याच गळ्यात. आकडा मात्र अगदी शेवटी एका ठोक्यात उमटवला. म्हणजे माझे तोंड आधी झाले आणि सात मी मागाहून झालो.

माझा मालक तेव्हा तरुण होता आणि गोल्फ हाच त्याचा पेशा होता. तो मला हातात घेई तेव्हा दोरीपलीकडची माणसे बोलायची थांबत. चेंडू इतका लांब जाई की लोक नंतर मला मागून घेत, उलटेपालटे करून बघत, जणू माझ्या पोटात काही दडवून ठेवले आहे. कुणी म्हणे मनगटात जादू आहे, कुणी म्हणे लोखंडच परदेशी. मला हसू येई, पण आमचे तोंड हसायला केलेले नाही.

खरे कारण साधे आहे. हौशी माणूस चेंडू उचलायला जातो. त्याला वाटते, चेंडू वर जायला हवा तर आपणच त्याला वर ढकलले पाहिजे. मग तो मागे झुकतो, मी आधी जमिनीवर आदळतो, माझे तोंड आणखीच आभाळाकडे वळते आणि चेंडू डोक्यावर उडून पुढ्यात पडतो. माझा मालक चेंडू कधीच उचलत नसे. तो मला वरून खाली आणी, आधी चेंडू आणि मग गवत. त्या क्षणी त्याचे हात माझ्या पुढे असत, त्यामुळे माझे तोंड जरा उभे होई आणि मी सात असून सहाचे काम करी. जोर दंडातला नव्हे, पायातून निघून कंबरेतून वर आलेला. आणि दर वेळी चेंडू माझ्या तोंडाच्या बरोबर मधोमध लागे. तेवढ्याच जागचे लोखंड झिजून गुळगुळीत झाले आहे. त्या दिवसांत मी दमत असे, पण दुखत काही नसे.

पुढे मालकाच्या गुडघ्याने दगा दिला. स्पर्धा सुटल्या आणि तो सरावाच्या मैदानावर शिकवू लागला. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. मी घरी, दाराजवळच्या बोळात, थैलीत उभा राहिलो. माझ्या पकडीवर धूळ बसली आणि दांडीवर गंजाचे ठिपके आले. कुणी छत्री शोधायला आले तर तेवढा धक्का लागायचा, बाकी विचारपूस कुणी केली नाही.

मग एके दिवशी मास्तरांच्या लेकीने मला बाहेर काढले. लहानपणी काठी फिरवताना ती स्वतःच गोल फिरून पडायची, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. भिंगरी मोठी झाली आणि बापाच्याच पेशात जायचे असा तिने ध्यास घेतला. त्यासाठी निवडीची परीक्षा द्यावी लागते. मास्तरांनी मोठ्या कौतुकाने आपली सगळी थैली तिच्या हवाली केली. माझी पकड बदलली, अंग घासूनपुसून झाले, आणि मी पुन्हा कामाला लागलो. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

पोरीचा हात बापासारखाच होता. आधी चेंडू, मग गवत. मला पुन्हा मधोमध लागू लागले. पण तिच्या शेजारी सराव करणारी एक उंच मुलगी होती, सगळे तिला शिडी म्हणत. शिडीचा सात नंबर नवा कोरा होता आणि त्याचा चेंडू मैदानात अंतर कळावे म्हणून रोवलेल्या पिवळ्या पाटीच्या पलीकडे पडे. इतर मुलींचेही तसेच. भिंगरीचा चेंडू पिवळ्या पाटीच्या बराच अलीकडे, पांढऱ्या पाटीपाशीच बसकण मारी.

मास्तरांच्या ते मनाला लागले. सात म्हणजे सात, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा सात, शिडीचा सात आणि भिंगरीचा सात एकच. मग पोर कमी पडते म्हणजे अंगचोरपणा करते, दुसरे काय? नव्या काठ्यांना हातसुद्धा लावायला ते तयार नव्हते, त्यांना त्या दिखाऊ वाटत. रोज सकाळी ते मागे उभे राहून एकच पालुपद लावत, जोर लाव, अजून जोर लाव, आणि प्रत्येक चेंडूनंतर किती लांब गेला ते विचारत.

भिंगरीने जोर लावला. मग तिचा तोल गेला, ती मागे झुकू लागली आणि जे तिने जन्मात कधी केले नव्हते ते करू लागली. ती चेंडू उचलू लागली. मी आधी जमिनीवर आदळू लागलो आणि चेंडू माझ्या टोकाला लागू लागला. असा चेंडू लागला की दांडीपासून पकडीपर्यंत झिणझिण्या येतात, आणि त्या तिच्या कंबरेपर्यंत पोचत असणार. संध्याकाळी आम्ही घरी आलो की तिची आई गुपचूप गरम पाण्याची पिशवी भरून आत नेई. मास्तरांना वाटे, बायकोचेच सांधे धरले असतील. बोळातून मला सगळे दिसे. मला तोंड आहे, पण ते बोलण्याच्या कामाचे नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी भिंगरीचा एकही चेंडू धड जात नव्हता. तिने मला काठ्या टेकवायच्या लाकडी ठोकळ्याला टेकवून ठेवले आणि बाकावर बसून सांगितले की तिला जमणार नाही, मावशी तिच्या चष्म्याच्या दुकानात बोलावते आहे, तिथे ती जाईल. मास्तर इतके चिडले की चष्मा न लावताच त्यांनी हात घातला, काठी ओढली आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी चेंडूसमोर उभे राहिले. आधी चेंडू, मग गवत. मोठा सुरेख आवाज आला. चेंडू पिवळ्या पाटीवरून गेला, तिच्याही पुढे गेला. तरुणपणी माझ्याकडून त्यांनी कधी पाठवला नव्हता इतका पुढे.

"बघितलंस? सात नंबर असा जातो," ते म्हणाले.

आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. आपले गुडघे, आपले वय त्यांना ठाऊक होते. हातातली काठी त्यांनी डोळ्यांजवळ नेली. तो मी नव्हतोच, मी ठोकळ्याला टेकूनच होतो. शिडीने आपला सात नंबर माझ्याच शेजारी ठेवला होता आणि घाईत त्यांनी तो उचलला होता.

त्यांनी आम्हा दोघांना फरशीवर शेजारी शेजारी टेकवले. बुडावर आकडा तोच. पण त्याची दांडी माझ्याहून दोन बोटे लांब आणि तोंड माझ्याहून कितीतरी उभे, थेट आमच्या पाच नंबरसारखे. बूड जड, म्हणून उभ्या तोंडानेही चेंडू वर जातो. शिडीला विचारले तर ती सहज म्हणाली की हल्ली सगळे असेच येतात. आकडा तोच ठेवून तोंड उभे केले की घेणाऱ्याला वाटते, आपल्याच दंडात बळ आले. मास्तर बाकावर बसले, तेही लेकीपासून जरा अंतर ठेवून.

"मी आकडाच बघत बसलो," ते म्हणाले. "तोंड बघितलंच नाही." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

भिंगरीला तर हुरूप आला. तिने पटकन सांगितले की परवा परीक्षेत ती सातच्या जागी पाच घेईल, लोक हसले तर हसोत. आणि पडलेला चेंडू उचलायला ती वाकली. सरळ होताना तिचा हात कंबरेवर गेला आणि तिथेच राहिला. मास्तरांनी ते पाहिले.

"दुखतंय का?"

"हो."

"कधीपासून?"

"स्वेटर घालून येत होतो ना आपण, तेव्हापासून."

आता झाडाच्या सावलीतसुद्धा घाम येत होता. मास्तरांनी विचारले की मग सांगितले का नाही.

"तुम्ही किती लांब गेला तेवढंच विचारायचात, बाबा," ती म्हणाली. "त्याचं उत्तर देत होते."

परीक्षा त्या वर्षी हुकली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. भिंगरी पुन्हा खेळेल की मावशीच्या दुकानात चष्मे विकेल, मला माहीत नाही, आणि अंदाज बांधायचे माझे वय राहिलेले नाही. मी पुन्हा बोळात उभा आहे. फरक एवढाच की आता मास्तर रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी स्वतः भरतात. पहिल्या दिवशी त्यांनी झाकण नीट लावले नाही आणि सगळे अंथरूण भिजवले.

काल भिंगरीने मला गच्चीवर नेले. चेंडू नव्हता, नुसतीच हवा. तिने मला सावकाश वर नेले, खाली आणले आणि पुढे जाऊ दिले. मी कुठेही आपटलो नाही. मास्तर कठड्याला टेकून उभे होते. तोंडावर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि दुसराच विचारला.

"दुखलं?"

भिंगरी कंबरेवर हात ठेवून, डोळे मिटून उभी राहिली आणि मास्तर कठड्यापाशीच थांबले.

मित्रांनो, माझ्यासारख्या काठीचे काय, पुसले की गंज निघतो आणि पकड नवी मिळते. पण तुमच्या शेजारचे माणूस कुठे कमी पडत असेल, तर त्याचा आकडा विचारण्याआधी एवढा एक प्रश्न त्याला विचारा. आणि मास्तर थांबले तसे, उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.