परातीचा आवाज

बोंग्ये शिंपले विकायची, तोंडाची फटकळ. संगणकाच्या वर्गात साठीला टेकलेल्या बायांमध्ये बसून ती माउस धरायची, तोही शिंपले उघडायच्या सुरीसारखा मुठीत आवळून. तिला पाककृती नको होत्या, नातवंडांचे फोटो नको होते. लहानपणी धुक्यात हरवलेली धाकटी बहीण मालसुन तेवढी हवी होती. हरवलेल्यांना शोधायची एक जागा इंटरनेटवर आहे, असं कळल्यापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

त्या किनाऱ्यावर धुकं उतरलं की कुणीतरी काठावर उभं राहून पितळी परात बडवत राहतं, आणि ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचायला गेलेली माणसं त्या आवाजाच्या रोखानं परततात. त्या दिवशी परात बोंग्येच्या हातात होती. मालसुन परतली नाही.

नोंदणीला टोपणनाव हवं होतं. तिनं 'लुळी राणी' असं टाकलं. दोघी बहिणींनी दोरीला बांधून पाळलेल्या एका नांगीच्या खेकडीचं ते नाव. तिसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर उमटलं : हे नाव आधीच घेतलेलं आहे.

शेजारची जोमरे हसली. वयानं धाकटी, म्हणून ती बोंग्येला 'ऑन्नी', म्हणजे थोरली ताई, म्हणायची. "मग दुसरं घाल की, ऑन्नी. एवढ्या जगात तूच एक शहाणी होय?"

"ह्या नावाला तिसरा धनी नाही," म्हणत बोंग्येनं 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली.

"अगं, ज्याचं खातं त्यानं दाबायचं असतं ते."

"गप बस. ते विचारील, मी सांगीन."

आणि त्यानं विचारलंच. खातं उघडणाऱ्यानं स्वतः लिहून ठेवलेला प्रश्न होता : त्या दिवशी परात कोण वाजवत होतं?

तिनं 'बोंग्ये' लिहिलं. उत्तर चुकीचं. एकेक अक्षर तपासून पुन्हा लिहिलं, तरी चुकीचं. परातीची थरथर तिच्या तळहाताला अजून आठवत होती, मग खोटं कोण बोलत होतं? नुसतं बघावं तरी, म्हणून तिनं 'मालसुन' लिहिलं.

खातं उघडलं. आत वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो आणि खाली मजकूर : 'माझी थोरली बहीण बोंग्ये धुक्यात हरवली. ऑन्नी, मी अजून परात वाजवतेय. आवाजाच्या रोखानं चालत ये.'

मुलीच्या भुवईवर एक व्रण होता. बोंग्येनं आपली भुवई बोटानं चाचपली. व्रण जागेवर होता.

"जोमरे, तुला ऐकू येतंय?"

"काय?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. परात वाजत होती, संथ, न थकता. आणि आवाज समुद्राच्या बाजूनं येत होता.