झाकण लागलंच पाहिजे

जरा खाली बघा, मीच बोलतोय. कचऱ्याचा डबा, तीन मापांतला सगळ्यांत लहान. मला तोंड नाही, नुसतं झाकण आहे, आणि त्या झाकणापायीच आज मान वर करून बोलवत नाही.

नगरपालिकेने नवे दर लावले, तेव्हा माझा जन्म झाला. जेवढा मोठा डबा, तेवढी जास्त कचरापट्टी. धुतलेल्या बाटल्या, रद्दी, पत्रा वेगळा दिलात तर फुकट नेऊ. अट एकच, झाकण नीट लागलं पाहिजे, नाहीतर दंड. मला तर हे अगदी रास्त वाटलं. जो कचरा करील, तो भरील!

मला घरी नेलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. नवरा सदा फिरतीवर. घरात ती आणि सासरे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. सूनबाई भारी टापटिपीची. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर, खोकी चपटी करून कोपऱ्यात, चिंध्यांची पायपुसणी. मी कधी अर्धाही भरत नसे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझ्याकडून शिकावं बाई!" मग काय, मी असा फुगायचो की विचारू नका. काकूंच्या मोठ्या डब्याकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो.

मग सासरे न्हाणीघरात पडले. खुबा मोडला, अंथरुणाला खिळले आणि डायपर आले. ओला डायपर केवढी जागा खातो, बाप रे! कचरागाडी यायच्या आधीच मी गळ्यापर्यंत भरायचो. सूनबाई गुडघा टेकवून झाकण दाबायची, ते पुन्हा वर यायचं.

"झाकण उघडंच की गं," काकू कुंपणावरून म्हणाल्या. "वास सुटलाय. तुमचं घर म्हणजे काय होतं, आणि आता बघ!"

सूनबाईचा चेहरा उतरला. "दाबते हो काकू."

मी असायचो खिडकीखाली, आणि खिडकीला लागून सासऱ्यांची खाट. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या झाकणावर पाणी पडू लागलं. गजांतून एक सुरकुतलेला हात यायचा आणि पेला पालथा करायचा. मी चिडलो. म्हटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय! पण हळूहळू डायपर कमी येऊ लागले, मी हलका होत गेलो. एके सकाळी झाकण खट्कन लागलं. सांगायला लाज वाटते, पण मी खूश झालो. चला, अब्रू वाचली.

सूनबाईही खूश. "बाबा, आता बरं वाटतंय ना?"

"हो गं. सावरलोय जरा."

मग ते तापाने फणफणले, बरळू लागले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पितात का? अंगातलं पाणी पार आटलंय."

"तांब्या रोज रिकामा होतो. मी स्वतः भरते की!"

डॉक्टरांना सोडायला ती बाहेर आली आणि माझ्यापाशी थबकली. एवढ्या कडक उन्हात माझ्या पायाशी शेवाळ. तिने वर खिडकीकडे पाहिलं, आणि तांब्या कुठे रिकामा होतो ते तिला कळलं.

ताप उतरल्यावर तिने विचारलं, "बाबा, का हो असं केलंत?"

"झाकण लागत नव्हतं ना," ते म्हणाले.

तिने पेला भरला, त्यांच्या ओठांना लावला आणि रिकामा होईपर्यंत धरून ठेवला. मग मला तसाच, न धुता, कडेवर घेऊन नगरपालिकेत गेली.

"मोठा डबा द्या, दर हाच ठेवा."

"तसा नियम नाही, ताई," खिडकीवरचा कारकून म्हणाला. "कचरा कमी करा."

"बाटल्या धुते, कागद वेगळा काढते. आता सासऱ्यांना कसं कमी करू, ते सांगा!"

कारकुनाने अर्जाचा कागद पुढे केला. बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं. तुमचा अर्ज बैठकीत ठेवतो, म्हणाला. तोवर तिने पूर्ण पट्टी भरून मोठा डबा नेला.

मी आता गोदामात पालथा पडून आहे. बैठक अजून व्हायची आहे. बाटल्या धुवा, कागद वेगळा ठेवा, दर जरूर लावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मला कुणाच्या दारात ठेवण्याआधी आत कोण निजलंय, एवढं विचारा. मी विचारलं नाही. वरून पाणी पडत होतं, आणि मी झाकण लागलं म्हणून खूश होतो.