रुमालाखालची खुर्ची

मित्रांनो, मी लग्नाच्या हॉलमधली एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे. आधीच सांगते, मी भयंकर चिडलेली आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर स्टेजवरच्या सोफ्याकडे जा.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्या भल्या माणसाने माझे पाय असे सरळ जोडले, की मी आजवर कधी डुगडुगले नाही. म्हणून हॉलचा मॅनेजर मला नेहमी पहिल्या रांगेत मांडतो. कौतुक काय ते एवढंच. एरवी पोरं बुटांसकट माझ्यावर चढतात, मोठी माणसं माझ्या पाठीला ओले हात पुसतात आणि कार्य उरकलं की मला धाडकन मिटून भिंतीला टेकवतात. ते सगळं मी सोसलं. रुमाल मात्र सोसवला नाही.

परवाच्या लग्नात पाहुण्यांची व्यवस्था नवरीच्या काकांकडे होती. माणूस उत्साही, पण डोक्याने जरा उलटा. परके पुढे आणि घरचे मागे, हा त्यांचा हिशेब.

नवरीची आत्या सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर बसली. नवरीला लहानाचं मोठं तिनेच केलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी काठी टेकत आली होती. पोरीचं लग्न तिला डोळे भरून पाहायचं होतं. बसल्यावर तिने हुश्श केलं आणि मला धन्य वाटलं.

तेवढ्यात काका आले. त्यांच्या ऑफिसचे साहेब येणार होते म्हणे.

"ताई, तू काय, घरचीच," ते म्हणाले. "जरा मागे बस."

ती मुकाट्याने उठली आणि काकांनी माझ्यावर रुमाल टाकला. दुसऱ्या रांगेतून तिला व्याह्यांच्या माणसांसाठी उठवलं, कोपऱ्यातून फोटोवाल्यासाठी. दरवेळी तेच, तू काय, घरचीच. शेवटी ती दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. अरे, घरचीच म्हणजे काय बिनगुडघ्याची? चार पाय असून मला तिच्यापर्यंत एक पाऊल टाकता येईना.

साहेबांचा पत्ताच नव्हता. मी रिकामी, आणि माझ्यावर तो मेला रुमाल पसरलेला.

नवरी स्टेजवर आली. तिने पहिली रांग पाहिली, मग दाराकडे पाहिलं, आणि ती बसलीच नाही. काका धावत गेले. पाहुणे खोळंबलेत, आत्या काय, घरचीच, तू बस, म्हणून विनवू लागले.

"काका, मीही घरचीच ना?" ती म्हणाली. "मग मीपण उभीच राहते."

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी माझ्यावरचा रुमाल उचलला, दाराशी गेले आणि बहिणीला हाताला धरून घेऊन आले. आत्या माझ्यावर टेकली, तेव्हा कुठे नवरी बसली. पण आता आत्याचे डोळे असे भरून आले, की समोरचं काही दिसेना. काकांनी तोच रुमाल तिच्या हातात दिला.

माझा राग अजून उतरलेला नाही. पाहुण्यांचं जरूर करा, पण आपल्या माणसाला उठवून नका करू. आणि मित्रांनो, रुमाल डोळे पुसायला असतो, एवढं तरी काकांसारखं उशिरा शिकू नका.