उजव्या हाताचं माप

"आर्या, हलू नकोस. टेप सुटली की परत पहिल्यापासनं."

"मी नाही हलले. तू हललीस."

चार वर्षांची आर्या पलंगावर गुडघे टेकून, आईच्या उजव्या दंडाशी टेपचं टोक दोन्ही हातांनी धरून बसली होती. जीभ बाहेर, भुवया एकत्र. कावेरीने कोपरापासून दहा सेंटिमीटर वर शिवणाच्या खडूने बारीक रेघ मारली होती. त्या रेघेवरून टेप फिरवून तिने डाव्या हाताने ओढली आणि मान वाकडी करून आकडा वाचला. बारा इंच.

गेल्या रविवारी साडेअकरा होते. त्याच्या आधीच्या रविवारीही, आणि त्याच्याही आधीच्या.

तिने टेप सोडून पुन्हा मोजलं. बारा. तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा आर्या कंटाळून म्हणाली, "आई, हात तोच आहे."

दोन वर्षांपूर्वी कावेरीच्या उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, सगळं एकामागून एक पार पडलं. गेलेले केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. आता सुटलो असं वाटत होतं, तेवढ्यात एका दुपारी कुणाचा तरी ब्लाउज कापताना तिला जाणवलं की आपल्याच ब्लाउजची उजवी बाही दंडात रुततेय. अकरा वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरांनी फक्त नाव सांगितलं, लिम्फेडेमा. काखेतल्या गाठी काढल्या की त्या वाटेनं जाणारं पाणी हातात मुरत राहतं. पूर्ण बरं होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतं.

मग आटोक्यात ठेवणं हेच एक काम होऊन बसलं. सकाळी उठल्याबरोबर मानेपासून सुरुवात करून हलक्या हाताने चोळायचं, मोरपीस फिरवावं इतकं हलकं. मग क्रीम. मग मनगटापासून काखेपर्यंत कातडीच्या रंगाची घट्ट दाबाची बाही चढवायची, ती झोपतानाच उतरवायची आणि धुवून सावलीत वाळत घालायची. या हाताला ओरखडा नको, भाजणं नको, डास तर नकोच. "तीन माणसांच्या घरात डासांच्या चार बॅटा," असं तिचा नवरा सुमंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सुई उजव्या हातात असते आणि टोचते डाव्याला, यातही कावेरीने समाधान मानून घेतलं होतं.

पण अर्धा इंच म्हणजे एक सेंटिमीटरच्या वर. आणि त्याच्या वर गेलं तर काय, हे या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या दवाखान्यात तिच्या हातावर उपचार करणाऱ्या धनलक्ष्मीने स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "फोन पण नको. सरळ निघून या. परत पट्ट्या."

पट्ट्या गेल्या वर्षी झाल्या होत्या. तीन आठवडे रोज महादेवपुऱ्याहून शिवाजीनगर, दोन बस बदलून. बोटांपासून खांद्यापर्यंत एकावर एक थर, कात्रीत अंगठा जाईना. आर्याला निपाणीला सासूबाईंकडे ठेवावं लागलं होतं. परत आली तेव्हा पोर चपला काढून उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि तिने विचारलं, "आत येऊ?"

ते दोन शब्द कावेरीच्या डोक्यातून अजून गेले नव्हते.

सुमंत उप्पीट खात होता. आयटी पार्कमधल्या लिफ्ट सांभाळायचं त्याचं काम, त्यामुळे रविवारीही शर्ट इस्त्रीचा.

"किती?" त्याने सवयीने विचारलं.

"बारा."

त्याचा चमचा थांबला. "टेप चुकली असंल."

"माझी टेप?"

"बरं, टेप न्हाई चुकली. मग मोजायला चुकलं असंल."

"दर रविवारी एकटीच मोजतीय, टेपचं टोक दातात धरून. आज पैल्यांदा आर्यानं धरलं, तर नीट दोन हातांनी मोजता आलं." बोलता बोलता तिच्या मनात वेगळंच काही आलं. दातात टेप सरकते. म्हणजे इतके रविवार मीच कमी मोजत होते. हात कधीचा वाढत असणार, आपल्याला आज कळलं.

सुमंतने बशी बाजूला ठेवली. "उद्या रजा टाकू? येतो संगट."

"तू रजा साठवून ठेव. तीन आठवडे लागतील."

तिने निपाणीला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाठव की. पोरीचं काय वझं हाय व्हय मला?" कावेरीने कपाटावरची निळी बॅग खाली काढली, त्यात आर्याचे चार फ्रॉक घातले आणि कुणाला दिसू नये म्हणून चेन लावून टाकली.

अकराच्या सुमाराला बेळ्ळंदूरहून सुखदा आली. नोकरीसाठी इथे आलेली पुण्याची मुलगी, भावाच्या लग्नासाठी तीन ब्लाउज शिवायचे होते. कावेरीने गळ्यात टेप टाकली की तिचा हात आपोआप चालायला लागायचा. छाती, कंबर, मुंढा. दंडाशी आल्यावर नेहमीप्रमाणे टेपखाली स्वतःचं एक बोट सरकवून तिने माप वाचलं.

"ताई, जरा फिटिंगला घ्या ना. लूज नको अजिबात."

"लग्नात जेवायचं असतंय ताई. हात वर करून आहेर द्यायचा असतोय."

सुखदा हसली. "तीन वीक्समध्ये होतील ना?"

कावेरीने वहीत डोकं घातलं. दाराशी बाहुलीला चिंध्या गुंडाळत बसलेल्या आर्याकडे तिची नजर गेली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

सोमवारी दोघी मायलेकी निघाल्या. शिवाजीनगरला उतरल्यावर केळीवाले, बुरखेवाल्या बायका, हातगाड्यांवरची भांडी या सगळ्यांतून कावेरी उजवा हात पोटाशी धरून चालत होती. पिशवी डाव्या खांद्यावर, आर्या डाव्या हाताला. आर्याला हे पाठ होतं, आईच्या उजवीकडून कधी चालायचं नाही.

धनलक्ष्मी मूळची चिकोडीची. कन्नड आणि मराठी तिच्या तोंडात एकाच ताटात वाढल्यासारखी यायची. "काय री अक्का, तुमची तारीख तर पुढच्या आठवड्यात."

"वाढलाय. अर्धा इंच."

धनलक्ष्मीने बाही उतरवली, हात उशीवर ठेवला, अंगठ्याने तीन ठिकाणी दाबून खळगा पडतो का पाहिलं. मग कोपरापासून दहा सेंटिमीटर मोजून टेप फिरवली. "एकोणतीस पॉइंट दोन." फाइल उघडली. "गेल्या महिन्यात पण एकोणतीस पॉइंट दोन."

"परत मोजा."

"मोजलं की."

"माझ्या टेपनं."

कावेरीच्या टेपनेही साडेअकराच आले. कावेरी त्या आकड्याकडे बघत राहिली, जणू कुणीतरी तिच्या हातावर दुसऱ्याच कुणाचं माप ठेवलं होतं. "काल तीनदा मोजलं मी. दोन्ही हातांनी. म्हणजे एक माझा, आणि टोक हिनं धरलेलं."

धनलक्ष्मीने स्टुलावर बिस्किट खात बसलेल्या आर्याकडे पाहिलं. "इल्ली बा, पुट्टी. इकडं ये. कसं धरलं होतंस, दाखव बघू."

आर्याने हात फ्रॉकला पुसले, टेपचं टोक खडूच्या जागेवर बरोबर धरलं, आणि मग डाव्या हाताची तर्जनी अलगद टेपखाली सरकवली. "आता ओढ, आई."

बारा.

"अन् हे बोट कशाला?" धनलक्ष्मीने विचारलं.

"ठेवायचंच असतं," आर्या म्हणाली. अडाणी गिऱ्हाइकाला समजावावं तसा तिचा सूर होता. "नाहीतर बाही रुतते."

धनलक्ष्मी इतकी हसली की पलीकडच्या पडद्याआडची बाई "काय झालं?" म्हणून विचारू लागली. कावेरी हसली नाही. तिने उशीवरचा उजवा हात उचलला, आर्याला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून तशीच बसून राहिली. बिस्किटाचा चुरा दोघींच्या अंगावर सांडला.

"सरी, बरं तर," डोळे पुसत धनलक्ष्मी म्हणाली. "पट्ट्या नकोत. पुढच्या रविवारी ह्या छोट्या टेलरबाईंना सुट्टी द्या, दातातच धरा टेप. आणि आलात ते बरं केलंत. उगाच आले म्हणून लाजायचं नाही."

बसमध्ये कावेरीने आधी सुखदाला "होतील" असा मेसेज टाकला, मग निपाणीला फोन केला.

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या. मग, "मी भाजणी दळून आणली, तिचं काय करू?"

"तुमीच घेऊन या की आत्या."

"बगते," त्या म्हणाल्या. पण आवाजावरून त्या येणार हे कळत होतं.

घरी आल्यावर कावेरीने निळी बॅग रिकामी करून कपाटावर टाकली. मग ट्रंकेच्या तळाशी दोन वर्षं घडीत पडलेला खण काढला, गर्द निळा, लाल काठाचा. आजारपणानंतर तिने स्वतःसाठी एकही ब्लाउज शिवला नव्हता. सैल बाह्यांचे कुर्ते चालत होते, कुणी विचारलं तर वेळच नाही म्हणत होती.

मापांच्या जुन्या वहीचं पहिलं पान तिचंच होतं, लग्नानंतर या घरात मशीन आलं तेव्हाचं. दंड, सव्वादहा. दोन्ही हातांना मिळून एकच आकडा. तसाच असतो सगळ्यांचा.

"आर्या, ये. टोक धर."

आर्या पलंगावर चढली. आधी डावा हात. मग उजवा, दाबाची बाही अंगावर असतानाच, कारण ब्लाउज तिच्यावरूनच चढणार होता. आर्याने टेप धरली आणि बोट हवेतच थांबवून आईकडे पाहिलं.

"ठेव," कावेरी म्हणाली. "आत्ता ठेवायचं असतं."

जुना आकडा खोडून तिने त्याच ओळीत दोन आकडे दाटीवाटीने लिहिले. कापड पसरलं, खडू चालवला, कात्रीत अंगठा घातला. दोन बाह्या कापून टेबलावर पडल्या. आर्याने नेहमीसारख्या त्या एकावर एक ठेवून पाहिल्या आणि ओठ दुमडले.

"आई, ही मोठी झाली. चुकलीस तू."

"चुकले न्हाई."

तिने मोठ्या बाहीच्या कोपऱ्यावर खडूने 'उ' लिहिला, नंतर गोंधळ नको म्हणून, आणि मशीनची सुई त्या निळ्या कापडावर उतरवली.